चौकात झाडं नाहीत

“चौकात जाल तर संध्याकाळी जा,” हे म्हणाले. “मधोमध बाग आहे, झाडांखालची बाकं लवकर भरतात. आणि कमानींच्या आतून मुली एका दिशेने फिरतात, मुलं उलट्या दिशेने. एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात.” बोलता बोलता यांनी ताटातल्या कोशिंबिरीभोवती बोटाने एक चौकोन काढला, आणि वाढायला उचललेली पोळी माझ्या हातातच राहिली. प्रश्न पुष्करचा होता, तोही यांना असा नव्हता, सगळ्यांना मिळून होता, म्हणजे कुणालाच नव्हता. तो आणि अश्लेषा ऑक्टोबरात स्पेनला निघालेत, वाटेत सालामांका नावाचं गाव करायचंय, आणि त्या गावात म्हणे सगळ्या देशातला देखणा चौक आहे, तर तो कधी बघावा. अश्लेषाने विचारलं, श्रीनाथदादा, तुम्ही कधी गेला होतात तिकडे? यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला, आणि म्हणाले, वाचलंय कुठेतरी. मी पोळी पुष्करच्या ताटात टाकली. हा माणूस गाड्यांच्या ब्रेकपलीकडे काही वाचत नाही. आमच्याकडचं वर्तमानपत्रसुद्धा मी वाचते आणि जेवताना यांना सांगते, आणि हे हं हं करत ऐकतात, तेव्हा मला वाटतं जगात जे काही घडतं ते यांच्यापर्यंत माझ्याच तोंडून पोचतं. त्या दुपारी पहिल्यांदा एक आख्खा चौक यांच्यापर्यंत दुसऱ्याच कुणाच्या तोंडून पोचलेला दिसला.

वाचलेलं माणूस असं सांगत नाही. हे मला कळतं, कारण मी जन्मभर वाचलेलंच सांगत आले आहे. बारावीनंतर मिरजेत माझं शिक्षण थांबलं आणि लग्न लागलं. पुढचं जे काही डोक्यात आलं ते आपलं आपण, मिळेल ते वाचून, आणि जर्मन तर सुपरमार्केटची पत्रकं वाचून, त्यामुळे माझी जर्मन अजूनही बटाट्यांच्या आसपास जास्त खुलते. वाचलेल्या गोष्टीला साल असतं, लांबीरुंदी असते, बांधणाऱ्याचं नाव असतं. बाकं लवकर भरतात हे पुस्तकात नसतं, ते ज्याला बसायला जागा मिळाली नाही त्याला ठाऊक असतं. आणि एका फेरीत दोनदा, हे तर कुणाच्या तरी तोंडाकडे बघण्यासाठी फेऱ्या मारलेल्या माणसालाच ठाऊक असणार. पाहुणे गेल्यावर हे भांडी पुसत गुणगुणत होते. यांना गुणगुणताना मी शेवटचं अवनीच्या बारशाला ऐकलं असेल, आणि अवनी आता म्युनिकला डॉक्टरेट करते.

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहू लागली, जशी सून आल्यावर घरातली जुनी भांडणं येतात. डबा धुऊन येत होता. कितीतरी वर्षं यांचा डबा संध्याकाळी कडेला वाळलेली भाजी घेऊन यायचा, ती खरवडणं हा आमच्या संसाराचा भाग होता, आणि मी त्यावर बोलणं हाही. ईस्टरनंतर कधीतरी तो लख्ख यायला लागला आणि मी मूर्खासारखी खूश झाले, म्हटलं माणूस सुधारला. आता झाकण नाकाशी धरलं तर लिंबाच्या साबणाचा वास. आमच्याकडे बिनवासाचा साबण असतो, माझ्या हाताला पुरळ येतं म्हणून. कोटाला लसणाचा वास होता, पण आपला नाही. फोडणीतला लसूण चिडका असतो. हा शांत होता, भरपूर तेलात सावकाश झालेला, ज्याला कुठे जायची घाई नाही असा. वसंतात हे दोन दिवस स्टुटगार्टला गेले होते. गेले होते म्हणजे, जातो म्हणाले होते. स्टुटगार्टहून विमानं कुठे कुठे जातात ते मी पाहिलं. माद्रिदलाही जातात.

बाड हॉम्बुर्गमधलं आमचं घर चढावर आहे. सकाळी खिडकीतून हे उतारावरून स्टेशनकडे जाताना दिसतात, पाठीला बॅग, बॅगेत डबा, चाल तीच. रोडेलहाइमला गाडी बदलायची आणि एश्बॉर्नच्या ऑफिसात जायचं, पावसात, बर्फात, अनेक वर्षं. मी त्या खिडकीत उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघायला लागले. पाठ ओळखीची असली की माणूस ओळखीचा आहे असं आपण धरून चालतो. माझं इथलं सगळं त्या पाठीवर लटकलेलं आहे: घराचा करार, दारावरची पाटी, विमा, इथे राहायचा परवानासुद्धा पहिल्यांदा मिळाला तो यांची बायको म्हणून. उद्या यांनी ते नाव काढून घेतलं तर मी या गावात कोण, असं मनात आलं. आणि मागोमाग त्याहून वाईट आलं की मग मिरजेत तरी कोण. पन्नाशीला टेकलेली बाई परत येते तेव्हा लोक तिला काही विचारत नाहीत, नुसतं जेवायला थांबवून घेतात. अवनीला फोनवर सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की अमुक एका बाईच्या नवऱ्याचं असं असं आहे, तर तिने काय करावं. ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, “ममा, फ्राग इन डोख.” विचार ना त्याला, सरळ. या पोरी इथे वाढल्या. त्यांना वाटतं प्रश्न विचारला की उत्तर येतं.

आमच्याकडे विचारत नाहीत आणि सांगतही नाहीत. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा यांच्या घरचा आणि माझ्या घरचा एकच नियम. पत्रिका कशाला बघितल्या कोण जाणे, एवढं जुळलेलं पुरे होतं. माझ्या भावाची, सत्यजितची, नोकरी आईने शेजारी कळू दिली ती तो कामावर रुजू झाल्यावर. माझं स्वतःचं लग्न मला पक्कं झाल्यावर कळलं. जर्मनीचं ठरलं तेव्हा यांनी मला बजावलं होतं की व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत एक अक्षर नाही, आणि समोरच्या शोभनाकाकूंना मी सांगितलं ते दारात रिक्षा उभी असताना. त्या पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. लोक म्हणतात नजर लागते म्हणून. नजरबिजर काही नाही. मोडलं तर तोंड कुठे लपवायचं, हे त्याचं खरं कारण. म्हणून यांचं गुणगुणणं ऐकत मी भीत होते ते वेगळ्याच गोष्टीला. हे बोलत नाहीत त्या अर्थी काहीतरी चालू आहे, आणि अजून पक्कं व्हायचंय. ज्या दिवशी पक्कं होईल त्या दिवशी मला सांगतील, दारात रिक्षा उभी असताना.

तेव्हा मी मला जे येतं ते केलं, ग्रंथालयात गेले. तो चौक मी अभ्यासाला घेतला, जसा एखादी बाई सवतीचा फोटो मिळवून अभ्यासाला घेईल. अठराव्या शतकात बांधला, पंचवीसएक वर्षं लागली. दगड जवळच्याच गावचा, खाणीतून काढल्यावर मऊ आणि नंतर उन्हाने सोनेरी होत जाणारा. संध्याकाळी म्हणे सगळा चौक मधात बुडवल्यासारखा दिसतो. चौकोन दिसतो पण आहे वाकडा, चारी बाजू चार मापांच्या, आणि मधे उभं राहिलेल्या माणसाला ते कळत नाही. हे वाचून मी पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं. पूर्वी तिथे माणसं बैलांशी झुंजायची आणि लोक सज्जांतून बघायचे. कमानींच्या मधे गोल चकत्यांत राजेलोकांचे, दर्यावर्द्यांचे, संतांचे चेहरे कोरलेत; एक चेहरा हुकूमशहाचा होता, लोक त्याच्यावर रंग फेकायचे, शेवटी काही वर्षांपूर्वी तो उतरवला. काही चकत्या अजून कोऱ्याच आहेत, चेहऱ्याची वाट बघत. उत्तरेला नगरपालिका, तिच्या माथ्यावर घड्याळ, आणि गावात कुणालाही भेटायचं असलं तर घड्याळाखाली भेटायचं. तसं आमच्या मिरजेतही होतं. लग्न ठरल्यावर हे मला लक्ष्मी मार्केटच्या घड्याळाखाली भेटायला आले होते, माझ्याबरोबर धाकटी मावसबहीण, यांच्याबरोबर कुणीच नाही, आणि आम्ही तिघं उभ्याउभ्या उसाचा रस प्यालो. हे तेव्हा काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक काही बोललेच नाहीत.

रात्री जेवताना मी सहज म्हटलं, पुष्करने घड्याळाचं काही सांगितलं नाही, तिथे मोठं घड्याळ आहे म्हणे. हे वरणभात कालवत होते. न बघता म्हणाले, “हो ना. गर्दीत हात सुटला तर घड्याळाखाली जाऊन उभं राहायचं. हलायचं नाही.” मी विचारलं, कुणाचा हात. यांचा हात भातात थांबला. कुणाचाही, म्हणाले. मग कोऱ्या चकत्यांचं विचारलं, दगड कुठला ते विचारलं, हुकूमशहाचं विचारलं, तर यातलं एकही यांना माहीत नव्हतं. चौकात जाऊन आलेला माणूस मान वर करून भिंतीकडे बघत नाही म्हणजे तो खाली, बरोबरच्या माणसाकडे बघत असतो. त्या रात्री मी भांडी स्वतः पुसली.

झाडांचं लक्षात यायला मला दुसऱ्यांदा ग्रंथालयात जावं लागलं. एवढी पुस्तकं चाळली आणि जे डोळ्यांसमोर होतं ते दिसलं नाही. एकाही फोटोत झाडं नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फरशी, त्यावर माणसं, खुर्च्या, कबुतरं. बाग नाही, बाक नाही, सावली पडायची तर घरांची. मग एका जाड पुस्तकात मागे जुना काळापांढरा फोटो सापडला: मधोमध बाग, झाडं, खाली गोल टोप्या घातलेली माणसं. शेजारी लिहिलं होतं की ही बाग १९५०च्या दशकात काढून टाकली. मुलींनी इकडून आणि मुलांनी तिकडून फिरायची रीतही त्याच जमान्यातली, आता कुणी तसं फिरत नाही. मी ग्रंथालयात हसले. समोरच्या म्हाताऱ्याने वर पाहिलं. सत्तर वर्षांपूर्वी उपटलेल्या झाडांखाली माझा नवरा बसून आला होता, म्हणजे तो बसलाच नव्हता, त्याला कुणीतरी बसवलं होतं, आणि त्या कुणीतरीने ती झाडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असणार. हिशेब केला तर माझी सवत ऐंशीच्या पुढची निघत होती. घरी येईपर्यंत हसू पुरलं नाही. चाळिशीच्या बाईचं काय करायचं हे निदान जगाला ठाऊक आहे. ऐंशीच्या माणसापाशी, कामाच्या वेळात, डबा धुण्याइतका वेळ काढून माझा नवरा काय करतो? संशयाला चेहरा होता तोवर बरं होतं. आता ती एक कोरी चकती झाली.

मग अश्लेषाचा फोन आला, तो खरं तर शेगडीवरच्या इडलीपात्रासाठी. पात्राचं बोलून झाल्यावर म्हणाली, वहिनी, दादा किती हो साधे, परवा रोडेलहाइमला दिसले, भाजीची ट्रॉली ओढत होते, ती नाही का म्हाताऱ्या बायका नेतात, चौकड्यांची, दोन चाकांची. मी हाक मारली पण गाडी सुटली. मी म्हटलं, हो अगं, हल्ली नेतात. आमच्या घरी चौकड्यांची ट्रॉली नाही. आमच्या घरी या माणसाने कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणलेली नाही.

मंगळवारी मी यांच्यामागून निघाले. अवनीचं जुनं जॅकेट घातलं, टोपी ओढली, आणि त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात चढले. काचेत माझंच तोंड दिसत होतं आणि ते मला एखाद्या चोरट्या बाईचं वाटलं. रोडेलहाइमला हे उतरले, रोज उतरतातच, पण एश्बॉर्नच्या गाडीसाठी थांबले नाहीत. पुलाखालून बाहेर पडले. वेग कमी झाला होता, खांदे खाली आले होते. पंधरा पावलांत यांची पाठ बदलली. ती मी कधी पाहिली नव्हती, सुट्टीच्या दिवशीचीसुद्धा नव्हे, कारण सुट्टीच्या दिवशी ती पाठ माझ्यासमोर असते. एका पिवळट चारमजली इमारतीपाशी यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढली. बेल वाजवली असती तरी चाललं असतं. मी समोरच्या बस थांब्यावर बसले, दोन बस सोडल्या, आणि मग हे बाहेर आले, ट्रॉली घेऊन, आणि कोपऱ्यावरून दुकानांकडे वळले. मी रस्ता ओलांडला. बेलच्या पाट्यांवर जर्मन नावं, तुर्की नावं, आणि एक सांचेझ. दाबली. दार उघडल्याची घरघर झाली, कुणी विचारलंसुद्धा नाही कोण म्हणून.

दुसऱ्या मजल्यावर दारात एक ठेंगणी म्हातारी उभी होती, निळा एप्रन, पांढरे केस मागे घट्ट ओढलेले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, वासुदा. वसुधाचं तिच्या तोंडात वासुदा झालं होतं. विचारलं नाही, सांगितलं. यांच्या फोनवर माझा फोटो आहे, तो रोज बघते म्हणे. हाताला धरून आत नेलं, स्वयंपाकघरात बसवलं. शेगडीवर तेलात लसूण सावकाश होत होता. टेबलावर यांचा लॅपटॉप उघडा होता. तिची जर्मन कारखान्यातली होती, माझी पत्रकांतली, दोघींनाही क्रियापदं जड, त्यामुळे इतकं स्वच्छ संभाषण माझं या देशात फार कमी जणांशी झालंय. एकोणिसाव्या वर्षी सालामांकाहून एक सूटकेस घेऊन आली, जन्मभर रबराची सीलं कापली, नवरा इथेच गेला, मुलगा हॅम्बुर्गला. स्टेशनची लिफ्ट बंद होती त्या दिवशी यांनी तिची ट्रॉली वर आणली, मग घरापर्यंत आणली, मग ती म्हणाली बस, आणि हे बसले. दुसऱ्या दिवशीही आले. बिचाऱ्याला जायला जागा नव्हती ना, ती म्हणाली, वसंतात कंपनीने घरी पाठवल्यापासून. वर्षअखेरीपर्यंत पगार चालू, पण कामावर यायचं नाही. फ्रायस्टेलुंग म्हणतात त्याला, तुला माहीतच आहे. इथे बसून अर्ज लिहितो, स्टुटगार्टला मुलाखतीलाही जाऊन आला, झाली नाही. मधे मधे त्याला झोप येते, मग मी त्याला आमच्या गावचं सांगते. आणि मग तिने मला सांगितलं, आई तिचा हात धरून बागेत कशी नेते, बाकं कशी लवकर भरतात. वर्तमानकाळातच सांगत होती. ती गेली असेल मधे गावाला, रिकामी फरशी पाहिली असेल, पण तिच्या आत ती फरशी पोचलेली नव्हती.

नोकरी गेली. म्हणजे एवढंच होतं, आणि एवढं सगळं होतं. दुसरी नोकरी पक्की झाली की दोन्ही एकदम सांगायचं, कडू गोळी पेढ्यात घालून, हे मला न सांगता कळलं. मीही तेच केलं असतं. म्हातारीने माझ्या हातावर हात ठेवला. तू नशीबवान नाहीस, म्हणाली, तो आहे. माझ्या बापाचं काम सुटलं तेव्हा आईने त्याला तवा फेकून मारला होता. आणि तुझा नवरा सांगतो, त्याने तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“विसरलीस? तू म्हणालीस, बरं झालं, दिवसाउजेडी तुम्ही कसे दिसता ते तरी मला कळेल.” आणि ती एप्रनने डोळे पुसत हसली. “मी रोज त्याच्याकडून ऐकते ते.”

मी म्हटलं, गेनाऊ. अगदी तसंच म्हणाले.

वाक्य माझं होतं. म्हणजे मी ते उच्चारलं नव्हतं, पण घडण माझी होती, तो किंचित टोला, तो मागून पाठीवरून फिरणारा हात. कुणी मला ते ऐकवून विचारलं असतं की हे कोण बोललं, तर मीसुद्धा माझंच नाव घेतलं असतं. आणि तरी यांनी खरोखर मला सांगितलं असतं तर मी पहिल्यांदा काय म्हणाले असते ते मी तिथे बसून शोधलं. आता? असं म्हणाले असते. मग म्हणाले असते, कुणाला बोलला नाहीत ना. मग मिरजेचं काहीतरी. ते वाक्य मला सुचलं असतं, नक्की सुचलं असतं, पण तीन दिवसांनी, भांडी घासताना, आणि तोवर हे पुन्हा हं हं वर गेलेले असते. यांना ते पहिल्या दिवशी हवं होतं. म्हणून यांनी ते बोलणारी एक वसुधा करून घेतली, माझ्याच आवाजाची, आणि या स्वयंपाकघरात रोज तिला आणत राहिले. स्पेनभर शोधली मी तिला. लोकांच्या सवती तरुण असतात, गोऱ्या असतात. माझी माझ्याच वयाची होती, माझ्याहून तीन दिवसांनी चपळ.

दारात किल्ली फिरली. आधी ट्रॉली आत आली, मग हे. मला पाहिलं आणि यांचं तोंड असं झालं की जणू पाटावर बसताना कुणीतरी पाट काढून घेतला. म्हातारी आनंदाने सांगत होती की बघ, बायको आली, किती दिवस मी म्हणत होते आण तिला, आणि खुर्चीवरची तिची विणकामाची पिशवी उचलून जागा करत होती. आमच्या दोघांमधे मराठी होती, त्या घरात दुसऱ्या कुणालाही न कळणारी; मी तिच्यात काहीही बोलू शकले असते. कळवलं का नाहीत. किल्ली कशाला. हे सगळे महिने मी काय काय समजत होते. हे तेही ऐकायची तयारी करून उभे होते, खांदे पुन्हा वर गेलेले, एश्बॉर्नला जाणारे.

“बसा,” मी म्हणाले. “आणि मी अजून काय काय म्हणाले?”

हे हळूच खुर्चीवर बसले, हात ट्रॉलीवरून न काढता, आणि सांगू लागले, पहिल्या दिवसापासून, अडखळत. मी त्या दुसऱ्या वसुधेचं एकेक वाक्य नीट ऐकून घेतलं, कुठे खोटी वाटते का ते बघत.